डिफाइन का कॉन्स्ट? आधी १२.३६ चं बघू

तर मंडळी, विषय आहे पीएचपीत, म्हणजे वेबसाइटच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, कॉन्स्टंट (एकदा ठरवला की न बदलणारा, नाव दिलेला आकडा किंवा मजकूर) डिक्लेअर करायच्या दोन पद्धती, डिफाइन आणि कॉन्स्ट. वीस मिनिटं दिल्यात मला, मागं मिसळ खाऊन पेंगणारे जरा पुढं या की.

डिफाइन का कॉन्स्ट यावर येतोच, पण आधी उद्यमनगरातली एक गोष्ट. मशीन मेंटेनन्सची एक फर्म, बिलिंग पीएचपीत, कुणीतरी करून दिलेलं आणि तो गडी नंतर पुण्याला गेला, फोन उचलत नाही (पुण्याला गेलेले उचलत नाहीतच, ते असो). सर्व्हिस टॅक्स तेव्हा १२.३६ टक्के. १ जून २०१५ ला तो १४ झाला आणि मालकांचा मला फोन, "सर, एक आकडा बदलायचाय, पाच मिनिटांचं काम." मी जाऊन फाइली उघडल्या तर आकडा सगळीकडं पेरलेला! बिलात १२.३६, रिपोर्टमध्ये ०.१२३६, टॅक्स धरून आलेल्या रकमेतनं मूळ रक्कम काढायला १.१२३६. मी यायच्या आधी त्यांच्या अकाउंटंटनी हुशारी करून सरसकट फाइंड-रिप्लेस मारलेलं, त्यात ०.१२३६ तसंच राहिलं आणि एका स्पेअरचा दर ५१२.३६ होता तो झाला ५१४. आता हसताय, पण त्या स्पेअरची बिलं गेली की गिऱ्हाइकाकडं!

तुम्ही म्हणणार, वर एकदा कॉन्स्टंट लिहिला असता तर भागलं असतं. नाही भागलं असतं भावांनो, हेच सांगायला आलोय मी. नोव्हेंबर २०१५ ला स्वच्छ भारत सेस येऊन १४.५, जून २०१६ ला कृषी कल्याण सेस येऊन १५, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. वरचा आकडा बदलला की मे महिन्याचं जुनं बिल परत प्रिंट करताना नव्या दरानं निघणार. सरकार जे बदलतं ते कोडमध्ये नको, तारखेसकट टेबलमध्ये टाका, कुठल्या तारखेपासून कुठला दर. कॉन्स्टंट ठेवायचा तो बिलाच्या स्टेटसचा, फोल्डरच्या पाथचा, असल्या गोष्टींचा.

बरं, घड्याळ दाखवायला लागलेत, पळतो आता.

डिफाइन हे फंक्शन, प्रोग्राम चालताना काम करतं, म्हणून इफमध्ये चालतं, नावसुद्धा व्हेरिएबलमधनं देता येतं. कॉन्स्ट कंपाइल होतानाच ठरतं, इफमध्ये किंवा फंक्शनमध्ये लिहिलंत तर सरळ पार्स एरर, म्हणजे प्रोग्राम सुरूच होत नाही. क्लासच्या बाहेर ते पीएचपीच्या ५.३ व्हर्जनपासून चालतं. नेमस्पेस, म्हणजे नावांचे वेगवेगळे कप्पे, वापरत असाल तर सांभाळा, कॉन्स्ट त्या नेमस्पेसमध्ये बसतं, डिफाइनला नुसतं नाव दिलंत तर ते ग्लोबल होतं. माझं मत विचाराल तर क्लासमध्ये कॉन्स्ट, आणि डिफाइन फक्त अट घालून ठरवायचं असेल तेव्हाच.

स्पेलिंग चुकलं तर? व्हर्जन सातपर्यंत पीएचपी त्या चुकलेल्या नावालाच स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, समजायचं, गुणाकारात ती शून्य धरली जायची, म्हणजे टॅक्स शून्य, वॉर्निंग लॉगमध्ये, आणि लॉग बघतंय कोण! आठपासून थेट एरर येते, बरं झालं. डिफाइनचा तिसरा पॅरामीटर, लहान-मोठी अक्षरं सारखी धरायचा, तोही आठला गेला. स्टेटससाठी मघाशी कॉन्स्टंट म्हटलं, पण ८.१ पासून इनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) आहे, जमत असेल तर तेच वापरा, आणि ८.३ मध्ये क्लासच्या कॉन्स्टंटला टाइपपण देता येतो.

इनमची स्लाइड होती, राहिली. विचारा काय विचारायचंय ते, चहा आलाय बाहेर.