पट्टीवरचे उंदीर

ॲक्रिलिकची ही पट्टी १ मीटर लांब. सुरुवातीला साडेतीन सेंटिमीटर रुंद, मग दर पाव मीटरला एकेक सेंटिमीटर कमी होत शेवटी जेमतेम अर्धा. तिच्यावरून चालताना या उंदराचा मागचा पाय घसरला, पाहिलंत?

त्याच्या मेंदूत अल्फा-सिन्यूक्लीन हे प्रथिन जास्तच तयार होतं. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांच्या मेंदूत याच प्रथिनाच्या गाठी सापडतात. आता हा दुसरा. जनुकं तीच, वय तेच. पण चाल बघा. नाकावर चिकटवलेला गोल तुकडाही तो पटकन खरवडून काढतो. याच्या आतड्यात एकही जिवाणू नाही. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत सार्किस मझमानियन यांच्या प्रयोगशाळेने हा फरक २०१६ मध्ये दाखवला.

असा उंदीर सांभाळणं मोठं जिकिरीचं. प्लॅस्टिकच्या या बंदिस्त पेटीत, आयसोलेटरमध्ये, गाळलेली हवा सतत सोडतात आणि दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात. फट पडलीच, तर हवा बाहेर जावी, आत येऊ नये. खाद्य, पाणी, भुसा, सगळं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून. त्या उष्णतेत जीवनसत्त्वं नासतात, म्हणून ती खाद्यात आधीच जादा घालतात. के जीवनसत्त्व कमी पडलं तर रक्तस्राव होतो, कारण ते बनवणारे जिवाणू पोटात नाहीतच. आणि हे हातमोजे: टाचणीएवढं भोक पडलं तरी सगळी मेहनत पाण्यात. त्यासाठी लेंड्या तपासत राहायच्या. सगळेच जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाहीत, म्हणून डीएनए चाचणीही करायची.

मग याच उंदरांना माणसाची विष्ठा नळीने पोटात दिली. पार्किन्सनच्या रुग्णांची मिळाली ते जास्त अडखळले; निरोगी माणसांची मिळाली ते कमी. रुग्ण-दाते होते फक्त सहा, हे ध्यानात असू द्या.

आणखी एक. जंतुमुक्त उंदरांच्या पाण्यात ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट मिसळलं, तर जिवाणू नसतानाही चाल बिघडली, मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी खवळल्या. भाजीपाल्यातला चोथा आंबवून जिवाणू बनवतात ती हीच द्रव्यं. एरवी पोटाला चांगली म्हणून यांचेच गोडवे गायले जातात. पार्किन्सनच्या रुग्णांच्या विष्ठेत तर ती सहसा कमीच आढळतात. तेव्हा या उंदरांकडे बघून ताटातली दह्याची वाटी कुणी वाढवूही नये, काढूही नये.

माणसांवर निरोगी दात्यांच्या विष्ठेचं रोपण करून पाहिलं आहे. २०२४ मध्ये दोन निकाल आले: बेल्जियममधल्या गेंटला हालचालीत थोडी सुधारणा दिसली, फिनलंडमधल्या हेलसिंकीला प्लासिबोपेक्षा, म्हणजे नुसत्या दिखाऊ उपचारापेक्षा, फायदा दिसला नाही.