कण्हेर छाटताय? मग ढीग तसाच टाकू नका

नमस्कार मंडळी. आपल्या सोलापुरात पाणी कमी अन् ऊन जास्त, त्यामुळे जुळे सोलापूर घ्या नाहीतर होटगी रोड, कंपाउंडला कण्हेर नाहीतर पिवळी बिट्टी असतेच. जनावर तोंड लावत नाही म्हणून आपण बिनधास्त असतो.

पण ते हिरव्या कण्हेरीपुरतं खरं. छाटलेली फांदी सुकली की पानाचा कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं, आणि मग जनावर ते खातं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कुणीतरी छाटणीचा ढीग मोकळ्या प्लॉटवर टाकला, शेजारच्या मावशींची गाभण शेळी चरून आली अन् रात्री पाय थरथरायला लागले, डॉक्टर येईपर्यंत गेली. तिच्या ओठाला एक लांबट वाळकं पान चिकटलेलं होतं, मावशी ते हातात घेऊन बसल्या होत्या. मला अजून दिसतंय ते.

हे विष थेट हृदयावर जातं, ठोके मंद आणि वेडेवाकडे होतात. मोठ्या गाईलासुद्धा मूठभर वाळली पानं जीव घ्यायला पुरतात. म्हणून कडब्याच्या गंजीजवळ, कुट्टी मशिनजवळ ही छाटणी अजिबात नको, कुट्टीत बारीक झालेलं पान गाय वेगळं काढणार कसं?

आणि जाळूही नका. धूरसुद्धा विषारी असतो. हुरड्याच्या आगटीत गोवऱ्याच घाला, हाताशी आहे म्हणून कण्हेरीचं वाळकं लाकूड टाकू नका, तिच्या काडीचं दातणही नको.

मग करायचं काय? हातमोजे, फुल बाह्या, आणि छाटल्या छाटल्या सगळं पोत्यात भरून तोंड बांधा. घंटागाडीवाल्या दादांना कण्हेर आहे म्हणून सांगून वेगळं द्या, खरकट्यात मिसळलं तर मोकाट गाई पोतं फाडतातच. शेतात असाल तर कमरेइतका खड्डा काढून पुरा. कुंपणाला शेराचं झुडूप असेल तर त्याचा चीक लई वाईट, डोळ्यात गेला तर 15-20 मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा अन् लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

लेकरानं पान किंवा बिट्टीचं फळ चावलं तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका, 108 ला फोन लावा आणि ते पान, ते फळ सोबत घेऊन जा.