तीन महिन्यांची शपथ

श्रोतेहो, नमस्कार.

बऱ्याच वर्षांनी कॅथलिक श्रद्धेकडे परतणाऱ्या माणसाची खरी कसोटी पहिल्या पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापे सांगण्याच्या, वेळी लागत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लागते. चौदा वर्षांनी मी फादरांपुढे गुडघे टेकले, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पण तीनच आठवड्यांनी फादरांच्या आणि माझ्यामधल्या त्याच लाकडी जाळीपुढे तोच राग आणि घरच्यांच्या जिव्हारी लागणारे तेच बोलणे पुन्हा सांगण्याची वेळ आली, तेव्हा माझी जीभ उचलेना. जाळीच्या चौकटीचे पॉलिश हात टेकून टेकून उडाले होते. त्या उडालेल्या जागेकडे पाहत मी गप्प राहिलो. आपले परतणे खोटेच होते की काय, ही शंका मला आतून कुरतडत होती.

अशा वेळी मला डब्लिनच्या मॅट टॅलबटची आठवण होते. १८५६ साली गरीब घरात जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी दारूच्या बाटल्या भरण्याच्या कामाला लागला आणि तिथेच दारूच्या आहारी गेला. एकदा तर रस्त्यावर फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवून पोट भरणाऱ्या माणसाचे फिडल चोरून विकून त्याने त्या पैशांची दारू प्यायली. १८८४ मध्ये खिसा रिकामा असताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने आजवर पाजली होती, त्यांपैकी एकानेही त्याला आत बोलावले नाही. तो घरी गेला, आईला सांगितले आणि धर्मगुरूंकडे जाऊन दारू सोडण्याची शपथ घेतली. जन्मभराची नव्हे, फक्त तीन महिन्यांची.

ते तीन महिने त्याला इतके जड गेले की मुदत संपताच पुन्हा पिणार, असे तो म्हणत असे. एका संध्याकाळी तो गुत्त्यात शिरलाही. कोणी लक्ष दिले नाही, म्हणून तिथून उठून चर्चमध्ये जाऊन बसला, आणि त्यानंतर त्याने खिशात पैसे बाळगणेच सोडले. मुदत संपल्यावर ती त्याने वाढवली, पुढे शपथ जन्मभराची केली आणि १९२५ साली मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाताना रस्त्यातच देह ठेवीपर्यंत पाळली. त्या फिडलवाल्याला मात्र त्याने खूप शोधले. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करायला पैसे दिले. १९७५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याला ‘वंदनीय’ घोषित केले; संतपदाच्या वाटेवरचा हा एक टप्पा. मला स्वतःला या घोषणेपेक्षा तो रिकामा खिसा अधिक मोलाचा वाटतो.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये पश्चात्तापाची व्याख्या करताना केलेल्या पापाचे दुःख आणि पुढे पाप न करण्याचा निश्चय, या दोन्ही गोष्टी त्यात धरल्या. निश्चय म्हणजे भविष्यकथन नव्हे, हे मला फार उशिरा उमगले. उद्या मी पडेन अशी भीती मनात असतानाही आजचा निश्चय पूर्णपणे खरा असू शकतो.

त्या दिवशी जाळीपलीकडच्या फादरांनी मला आयुष्यभराचे काही मागितले नाही. येत्या शनिवारपर्यंत, कामावरून आल्यावर दारात चपला काढताना ‘नमो मारिया’ ही मरियेची प्रार्थना एकदा म्हणायची आणि मगच घरात पाऊल टाकायचे, एवढेच त्यांनी सांगितले. त्या आठवड्यात दोनदा मी विसरलो. शनिवारी पुन्हा रांगेत उभा राहिलो.