ब्रूकिंगचं पाणी

(वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. समुद्राचा रंग कोणता?

मागून उत्तर आलं, "निळा". हे पाहुणे नक्की घाटावरचे असणार! (हशा) आणि पुढच्या रांगेतल्या मावशी हसल्या, त्या बंदरावरच्या. त्यांना विचारलंत तर त्या आधी तुम्हालाच विचारतील, "कधीचा?" श्रावणातला चहासारखा गढूळ, थंडीतल्या सकाळचा बाटलीच्या काचेसारखा हिरवट, भरती चढताना खाडीच्या तोंडाशी दोन रंगांमध्ये पडलेली ती सरळ रेघ. आज ज्या माणसाबद्दल बोलायला मी उभा आहे, त्यानेही मावशींसारखंच आधी "कधीचा?" असं विचारलं असतं. चार्ल्स ब्रूकिंग, इंग्लंडचा समुद्र-चित्रकार. जन्म १७२३, मृत्यू १७५९. जेमतेम ३६ वर्षांचं आयुष्य. पत्रिकेवर विषय छापलाय 'चित्रातला वारा कसा वाचावा'. तिथे येतोच, पण आधी हा माणूस कोण ते कळू द्या.

इंग्लंडसारख्या दर्यावर्दी देशाला समुद्र रंगवायला शिकवला तो डच लोकांनी. विलेम व्हान दे व्हेल्दे नावाचे बाप-लेक, दोघांचं नाव एकच, १६७२-७३ च्या हिवाळ्यात लंडनला आले. १६७४ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड तनखा लावून दिला. कामाची वाटणी अशी, की बापाने आरमारी लढायांची रेखाटनं करायची आणि मुलाने त्यात रंग भरायचे. हा बाप मोठा धाडसी. लढाई चालू असताना छोट्या जहाजातून तोफांच्या धुरात जायचा आणि कागदावर गलबतं टिपायचा. धाकटा १७०७ मध्ये वारला. त्यानंतरची पन्नासेक वर्षं इंग्लंडमध्ये जो कोणी समुद्र रंगवायला बसला, तो या धाकट्याच्या चित्रांवर हात घासूनच.

त्यातल्या दोघांची नावं घेतो. पीटर मोनामी हा १६९६ मध्ये घरं रंगवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागलेला मुलगा, तिथून तो समुद्रापर्यंत पोचला. आणि सॅम्युएल स्कॉट. याला आपण मुंबईकरांनी तरी ओळखायला हवं, कारण १७३२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने लंडनच्या आपल्या कचेरीसाठी सहा ठाण्यांची चित्रं करून घेतली, त्यातलं एक मुंबईचं. जमीन आणि इमारती जॉर्ज लॅम्बर्टच्या, पाणी आणि जहाजं स्कॉटची. स्कॉटने मुंबई जन्मात पाहिली नव्हती. मुंबईच्या किल्ल्याखालचं ते पाणी थेम्स नदीकाठी बसून काढलेलं आहे. मला त्या चित्राबद्दल आस्था आहे, पण तिथल्या लाटा आपल्या नव्हेत, हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला कळतं.

आता ब्रूकिंग. तो डेप्टफर्डच्या जहाजगोदीत वाढला असं सांगतात. वडील ग्रीनिचच्या खलाशांच्या इस्पितळात रंगकामाला होते. म्हणजे नाकात डांबराचा वास, हाताशी रंगाची डबडी आणि दारात थेम्सची भरती-ओहोटी. शाळा झाली ती एवढीच. १७४० मध्ये त्याने केलेली दोन चित्रं आहेत, एक चांदण्यातला समुद्र आणि एक पेटलेलं जहाज. त्यांच्यावर त्याने सहीसोबत वयही लिहिलंय, 'वय १७ वर्षं'. मंडळी, हे नुसतं डोळ्यांपुढे आणा. सतरा वर्षांच्या पोराने पहिली जमलेली चित्रं केली आणि खाली नाव लिहिलं, तेवढ्याने भागलं नाही म्हणून वयही लिहिलं. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. वहीच्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी असं सगळं लिहून ठेवणारी मुलं मी ओळखतो. त्यांना चित्र मनापासून आपलं वाटत असतं.

आणि नेमकं हेच नाव पुढे पुसलं गेलं.

ब्रूकिंग लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरच्या आसपास राहून एका दुकानदाराला चित्रं द्यायचा. दुकानदार ती काचेच्या खिडकीत लावून विकायचा. ब्रूकिंग इमानेइतबारे प्रत्येक चित्रावर सही करायचा आणि दुकानदार खिडकीत ठेवण्याआधी ती पुसून टाकायचा. कारण सरळ आहे. चित्रकाराचं नाव कळलं तर गिऱ्हाईक थेट त्याच्याच घरी जाईल. टेलर व्हाइट नावाचे एक गृहस्थ, लंडनच्या अनाथ बालकांच्या संस्थेचे खजिनदार, त्या खिडकीपाशी थांबले. चित्रं आवडली. कोणाची, म्हणून विचारलं. उत्तर गोलमाल. तुम्हाला हवी तेवढी चित्रं आणून देऊ, पण नाव विचारू नका.

मग एके दिवशी ब्रूकिंग नवं चित्र घेऊन आला तेव्हा मालक दुकानात नव्हता. बायको होती. तिने चित्र घेतलं आणि सहीसकट खिडकीत लावलं. आणि मालक परतून ते हलवण्याआधी व्हाइटसाहेब तिथून गेले! त्यांनी नाव वाचलं आणि चित्रकाराने अमुक ठिकाणी येऊन भेटावं अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. ब्रूकिंगने पहिल्यांदा लक्षच दिलं नाही. गरीब माणसाला त्याचं नाव घेऊन कोणी बोलावलं, की त्याच्या मनात आधी भीती येते. जाहिरात पुन्हा आली, आणि त्यात तुमचं भलंच होईल असा भरवसा दिलेला होता, तेव्हा कुठे तो गेला. हा किस्सा त्याच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी छापला गेला. सांगोवांगी म्हणून कोणाला सोडून द्यायचा असेल तर द्यावा. मी सोडत नाही, आणि का ते सांगतो.

१९८४ साली मी एका छापखान्यासाठी दिनदर्शिकेचं चित्र केलं होतं. नाव सांगत नाही, आता त्याचा उपयोग नाही. विजयदुर्गच्या खाडीत शिरणारं शिडाचं गलबत, पोस्टर रंगात, दीड महिना खपून केलेलं. उजव्या कोपऱ्यात बारीक सही. दिवाळीच्या आधी दिनदर्शिका आली आणि सहीच्या जागी पिवळी पट्टी, वर दुकानाचं नाव. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. वर्षभर ते चित्र आमच्या गावातल्या प्रत्येक हॉटेलात, गिरणीत, केस कापायच्या दुकानात टांगलेलं. आणि मी कोणाला सांगायला जात नव्हतो, कारण सांगितलं तर पुरावा काय?

आमचे वडील तांडेल होते. ते दाढी करायला गेले आणि खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. घरी येऊन म्हणाले, "ता गलबत तुझा मा रे?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "शिडाची दोरी जय बांधलंस ना, तय आमीच बांधतव." शिडाची खालची दोरी ते ज्या खुंटाला गुंडाळायचे, त्याच खुंटाला मी ती दाखवली होती. इतर चित्रांत दोरी कुठेतरी जाऊन संपते. सही गेली, पण दोरी राहिली होती.

म्हणून त्या दुकानदाराची गोष्ट मला जवळची वाटते. आज ब्रूकिंगची म्हणून जी चित्रं मानतात, त्यातल्या कित्येकांवर सही नाही. जाणकार ती ओळखतात पाण्यावरून आणि दोरखंडांवरून.

पुढचं ऐका. व्हाइटसाहेबांनी त्याला संस्थेसाठी मोठं चित्र करायला सांगितलं. ही संस्था काढली होती थॉमस कोरम या दर्यावर्दी कप्तानाने, १७३९ मध्ये राजाची सनद मिळवून. आया इथे आपलं मूल सोडून जात आणि खूण म्हणून कापडाचा तुकडा किंवा एखादी वस्तू ठेवत. मुलाचा नव्याने बाप्तिस्मा व्हायचा आणि त्याला नवीन नाव मिळायचं. जुनं नाव तिथेच संपायचं. अशा घरात ब्रूकिंगने १७५४ मध्ये चित्र दिलं ते जवळजवळ १० फूट रुंद, आणि ते १८ दिवसांत पुरं केलं. पाठीवर वारा घेऊन, मोजकीच शिडं उघडून, संथ चाललेलं आरमारप्रमुखाचं जहाज आणि आजूबाजूला इतर नावा. संस्थेने त्याला आपल्या विश्वस्तांमध्ये घेतलं. त्या काळचा नामांकित इंग्रज चित्रकार हॉगार्थही तिथलाच विश्वस्त. तिथली पुष्कळ मुलं पुढे जहाजावर नोकरीला जात. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला असेल तो याच भिंतीवर, असं माझ्या मनात नेहमी येतं. ते चित्र आजही लंडनला त्या संस्थेच्या संग्रहालयात आहे.

आणि एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. १७५२ मध्ये जॉन एलिस हे निसर्गअभ्यासक त्याला शेपी बेटावर घेऊन गेले. समुद्रातले प्रवाळासारखे नाजूक, फांद्या फुटलेले जीव वनस्पती आहेत की प्राणी, हा तेव्हाचा वाद. एलिस म्हणत होते की हे प्राणी आहेत. खाऱ्या पाण्यात ते जिवंत ठेवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, आणि शेजारी ब्रूकिंग कागद घेऊन. इवले हात बाहेर काढून पुन्हा आत घेणारे ते जीव त्याने रेखाटले. एलिसने १७५५ च्या आपल्या ग्रंथात त्याचं नाव आदराने घेतलं. दहा फुटी समुद्र रंगवणारे डोळे थेंबातही पाहत होते! त्या दुकानदाराने पुसलेलं नाव विज्ञानाच्या ग्रंथात छापून राहिलं, याचा मला फार आनंद आहे.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरली असं अध्यक्षांचं म्हणणं आहे, आणि ज्यासाठी तुम्ही आलात तो विषय अजून पेटीतच आहे. तर पटापट घेतो. दिवे घालवा, पडद्यावर पहिलं चित्र येऊ द्या.

चित्रात वारा दिसत नाही, पण त्याच्या साक्षी दिसतात. पहिली साक्ष झेंड्याची. वारा मागून असेल तर झेंडा पुढे फडकतो, जहाजाच्या तोंडाकडे. आपल्याला मोटारीची सवय, म्हणून झेंडा मागे उडाला पाहिजे असं वाटतं. दिनदर्शिकांवर निम्मी गलबतं वाऱ्याच्या उलट झेंडे मिरवतात. ब्रूकिंगकडे ही चूक सापडायची नाही. दुसरी साक्ष शिडाची. कापड किती फुगलंय, कुठल्या कडेला थरथरतंय, दोरी कुठे ताणलेली आणि कुठे सैल. तिसरी पाण्याची, आणि खरी हीच. लाटेची वाऱ्याकडची बाजू लांब, उताराची, पलीकडची उभी. वारा आडवा असेल तर जहाजाच्या आडोशाला पाणी थोडं निवतं. झेंडा, शीड, लाट, धूर, ढग या सगळ्यांनी एकच दिशा सांगितली पाहिजे. त्याच्या समकालीनांच्या चित्रांत झेंडा एक बोलतो आणि लाट दुसरंच. ब्रूकिंगच्या चित्रात सगळे एका सुरात.

आणि रंग. त्याचं पाणी निळं नाही, काकाजी! (हशा) हिरवट-करडं, पातळ, आतून उजेड आल्यासारखं. ढगाची सावली समुद्रावर पट्ट्याने पडते. जवळचं पाणी काळोखं, मागे उन्हाची पट्टी, पुन्हा सावली. ही रीत डचांची, पण थंड ओला वारा त्याचा स्वतःचा. जहाजावरच्या माणसाला दिसतं तसं पाणी. किनाऱ्यावरून हौसेने पाहणाऱ्याला ते तसं दिसत नाही.

हे पाणी पुढे कुठे गेलं? दोमिनिक सेर नावाचा फ्रेंच खलाशी कैदी होऊन इंग्लंडात आला आणि चित्रकलेचे सुरुवातीचे धडे त्याने ब्रूकिंगच्या संगतीत घेतले. हाच सेर पुढे रॉयल अकॅडमी या लंडनच्या मानाच्या कलासंस्थेच्या संस्थापक सभासदांत बसला. आणि १७७१ मध्ये त्याने चित्र केलं घेरियाच्या पाडावाचं. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६, वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींचा हल्ला, आणि तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार एका आगीत जळून गेलेलं. ज्या खाडीत माझे वडील नांगर टाकायचे, तीच. सेर तिथे आला नव्हता. पण ते पाणी रंगवताना त्याच्या हातात ब्रूकिंगचा धडा होता. यावर स्वतंत्र तास हवा, आज तो नाही.

ब्रूकिंग मार्च १७५९ मध्ये गेला. छातीचा रोग. सेर सांगायचा, की सततच्या डोकेदुखीवर कोणीतरी चुकीचा इलाज सांगितला आणि तोच भोवला. बायकामुलं उघड्यावर पडली. व्हाइटसाहेब भेटल्यापासून नीट उजेडात काम करायला त्याला पाचसहा वर्षं मिळाली असतील.

शेवटचं चित्र लावा. वारा पडलेला, मासेमारीच्या होड्या थांबलेल्या. हे तसंच राहू दे, दिवे लावू नका. मी खाली बसतो. मावशी, तुम्ही पुढे या, अगदी पडद्याजवळ. होडीची दोरी कुठे बांधली आहे, ते आम्हाला दाखवा.