घरजावयाची सरदारकी

मंडळी, गेल्या रविवारी याच सभागृहात आपण ‘बॅरी लिंडन’ पाहिला. तीन तासांचा चित्रपट. मध्यंतरात कुंदा खायला गेलेले काही जण परत फिरकलेच नाहीत, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो.

स्टॅन्ली कुब्रिकनं १९७५ साली तो काढला, थॅकरेच्या १८४४ च्या कादंबरीवरून. काळ त्याहून जुना. इकडे पानिपत झालं त्या सुमारास तिकडे युरोपात सप्तवार्षिक युद्ध पेटलेलं होतं, आणि आयर्लंडचा रेडमंड बॅरी त्यात शिपाईगिरी करत होता.

आपल्या गावात मराठा सेंटर आहे, लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं. फौजेत गेलेल्या पोराची पत कशी वाढते, हे बेळगावकराला सांगायला नको. पण बॅरी तसा वर आला नाही. एका अधिकाऱ्याचे कपडे आणि कागद चोरून पळाला, प्रशियाच्या फौजेत अडकला, जुगारी उमरावाचा जोडीदार झाला आणि अखेर श्रीमंत विधवेशी, लेडी लिंडनशी, लग्न करून बसला. आडनावसुद्धा तिचंच लावलं.

म्हणजे घरजावई की! आपल्याकडच्या एखाद्या देसायांच्या वाड्यात घरजावयाला पंगतीत मानाचा पाट मिळायचा, वतनाच्या कागदावर मात्र नाव नसायचं. बॅरीचं तेच. बायकोनं डोळे मिटले की सगळं सावत्र मुलाचं, बुलिंग्डनचं. हे आधी ओळखलं त्याच्या आईनं. तिनं धोशा लावला, सरदारकी मिळव. मग मेजवान्या, चढ्या भावानं घेतलेली चित्रं, मोठ्यांचे हात ओले करणं. पैसा बायकोचा, किताबाचा पत्ता नाही.

आणि ते मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग! त्यासाठी कुब्रिकनं झाइस कंपनीची, मुळात नासासाठी बनवलेली भिंग वापरली. इतक्या अंधुक उजेडात चित्रीकरण व्हायचं तर भिंगाचं तोंड सताड उघडं ठेवावं लागतं, आणि मग नट वीतभर पुढंमागं सरला तरी चेहरा धूसर होतो. म्हणून ती माणसं जुगाराच्या टेबलाशी खिळल्यासारखी बसलेली दिसतात. मला विचाराल तर त्या दिवाणखान्याचा कायदाच तो. जागेवरून हललात, संपलात. बॅरी हलतो. भरल्या मैफलीत, पाहुण्यांदेखत, सावत्र मुलाला बडवतो. त्या दिवसापासून त्याच्या घरची पायरी कोणी चढत नाही. पोराला तो आधीही फोडून काढायचाच, पण बंद दाराआड. त्याचं कुणाला काही नव्हतं.

दोन द्वंद्वं लक्षात ठेवा. पहिल्यात बॅरीच्या पिस्तुलात घरच्यांनीच गोळीऐवजी तागाचा बोळा भरलेला असतो, त्याला गावातून घालवायला. शेवटचं बुलिंग्डनशी. पोराचा बार चुकून आधीच उडतो, तो भीतीनं ओकतो. आता पाळी बॅरीची. आयुष्यभर लबाडी करून तरलेला हा माणूस जमिनीत गोळी झाडतो. पोराचं तेवढ्यानं समाधान होत नाही. पुढच्या फेरीत तो बॅरीच्या पायावर गोळी घालतो आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागतो.

मग वर्षाला ५०० गिनींचा तनखा, इंग्लंड सोडायच्या अटीवर. शेवटच्या प्रसंगात लेडी लिंडन कागदांवर सह्या करते आहे. बॅरीच्या तनख्याचा कागद पुढं येतो, तिचा हात थबकतो. बुलिंग्डन आईकडे बघत राहतो. ती सही करते. कागदावर तारीख डिसेंबर १७८९ ची, आणि पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग पडून, फ्रेंच राज्यक्रांती पेटून, तेव्हा पाच महिने झालेले.