ठरलेल्या वेळेची सेवा

नमस्कार मंडळी. जेवणाआधी बोलायला उभं केलंय, तेव्हा फार ताणत नाही.

"इथल्या म्हाताऱ्यांना सरकार बघतं, बाकी कोणाला पडलेली नसते," असं आपल्यात सर्रास म्हटलं जातं. नेदरलँड्समध्ये राहून मला ते पटत नाही. आमच्या शेजारच्या बाई, स्वतःच सत्तरी ओलांडलेल्या, दर मंगळवारी दहा ते बारा जवळच्या नर्सिंग होममध्ये जातात. कॉफी देतात, पेपर वाचून दाखवतात, कोणाची व्हीलचेअर कालव्याकाठी फिरवून आणतात. आंघोळ आणि औषधं पगारी माणसांकडे. बारा वाजले की कोट चढवून घरी. आपल्याला हे कोरडं वाटतं. मला विचाराल, तर वेळ बांधलेली आहे म्हणूनच बाई इतकी वर्षं टिकल्यात. आपल्याकडे सेवा जीव ओतून करायची असते, आणि बहुतेक वेळा सुनेने!

सरकार कशाचा भार उचलतं, त्यावरही लोकांच्या सवयी ठरतात. स्वीडनने आईवडिलांना सांभाळण्याची मुलांवरची कायदेशीर सक्ती गेल्या शतकातच काढली. वृद्धांची काळजी हे नगरपालिकेचं काम. तिथेही स्वयंसेवक भरपूर, पण सगळ्यात जास्त दिसतात ते खेळाच्या क्लबांत. जर्मनीत १९९५ पासून काळजीविमा, म्हणजे सांभाळाची गरज पडली तर त्या खर्चासाठीचा विमा, आहे, त्यातून घरी सांभाळणाऱ्यांसाठी रोख रक्कमही घेता येते. आणि भारतात २००७ च्या कायद्याने आईवडील मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतात.

इथे नेदरलँड्समध्ये सप्टेंबर २०१३ मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांनी संसदेपुढच्या भाषणात सांगितलं, की कल्याणकारी राज्याची जागा हळूहळू 'सहभागी समाज' घेतोय, म्हणजे जमेल तिथे लोकांनीच स्वतःची आणि एकमेकांची जबाबदारी घ्यायची. २०१५ मध्ये घरी राहणाऱ्यांच्या आधाराची आणखी बरीच जबाबदारी नगरपालिकांवर आली, आणि त्याच वेळी निधीला कात्री लागली. आता मदत मागितली की पालिकेचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून विचारतो: मुलगी किती लांब राहते? शेजारी बाजारहाट करतील का? प्रश्न वाजवी आहेत, पण लेक आधीच नोकरी आणि दोन मुलं सांभाळत असेल तर? स्वयंसेवेचं सरकारी कौतुक मी तरी जरा जपूनच ऐकतो.

तरीही एक काम असं आहे, जे कितीही निधी असला तरी डच नर्सला जमणार नाही. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, मागाहून शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते. आयुष्यभर डचमध्ये नोकरी केलेले काका उद्या नर्सिंग होममध्ये "पिठलं आहे का?" विचारतील, तेव्हा उत्तर कोण देणार?

म्हणून आपल्या मराठी मंडळातर्फे अशा काका-काकूंच्या भेटीला जाणाऱ्यांची यादी करतोय. आठवड्याला दोन तास, जास्त कबूल करू नका. संस्थेत जायला चारित्र्याचा दाखला, म्हणजे व्हीओजी, मागतात. स्वयंसेवकांना तो बरेचदा मोफत मिळतो. चहाच्या टेबलावर वही आहे. नाव, गाव आणि सोयीचा वार लिहा. गाडी असेल तर तेही.