मुलाखतीआधी जिनिंगवर एक चक्कर

नमस्कार श्रोतेहो. वेचणीचे दिवस आहेत, कुणी वावरात असाल, कुणी बैलांना कडबा टाकत असाल. पण घरात एखाद्या पोरानं किंवा पोरीनं कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या मॅनेजमेंट कॉलेजांच्या प्रवेशाची परीक्षा दिली असेल, तर त्याला जरा रेडिओजवळ बोलवा. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. निकालानंतर चांगले पर्सेंटाइल मिळालेल्यांना मॅनेजमेंट कॉलेजांची मुलाखतीची बोलावणी येतात आणि पुढचे दोन-तीन महिने त्यातच जातात.

मी राळेगाव तालुक्यातला, कास्तकाराचा मुलगा. पहिल्या मुलाखतीला गेलो तेव्हा रेपो रेट, जीडीपी, मार्केटिंगच्या व्याख्या असं सगळं घोकून नेलं होतं. समोर तिघं बसले होते. एकानं विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, शेती, कापूस. दुसऱ्यानं लगेच विचारलं, मग एका क्विंटल कापसातून रुई किती निघते?

मी गप्प. लहानपणी कापसाच्या गंजीवर लोळून मोठा झालो, पण हे कधी विचारलंच नव्हतं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मले इचारलं असतं, त सांगतलं असतं ना."

पुढच्या वर्षी पुस्तकं बाजूला ठेवून जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी (बी) काढून रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, दोन दिवस बसलो. एका क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीचं तेल निघतं, ढेप जनावरांना जाते. म्हणून व्यापारी भाव सांगताना रुईबरोबर सरकीचाही हिशेब धरतो. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढं भावात कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर माल घेत नाहीत. मग दिवाळीच्या तोंडावर पैशाची नड असलेला माणूस ओला कापूस खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला का देतो, हे मला कुठल्याही प्राध्यापकाला समजावता येईल. नाशवंत माल नसताना माणसाला तो घाईनं का विकावा लागतो, हा धंद्याचाच प्रश्न आहे. तुमच्याकडे संत्रा असेल तर संत्र्याचा, गावात दूध डेअरी असेल तर तिचा असाच हिशेब काढा.

एक लक्षात घ्या, तुम्ही जो शब्द टाकाल त्यालाच ते धरतात. आवड म्हणून वाचन सांगितलं, तर शेवटचं पुस्तक कोणतं, हे येणारच. "शिकून गावाचं भलं करीन" हे वाक्य तर त्यांनी इतक्यांकडून ऐकलंय की ते हसून एवढंच विचारतात, कसं करशील? उत्तर नसेल तर ते वाक्य गिळून टाका. चांगली नोकरी हवी, असं सांगितलं तरी कुणी रागावत नाही.

शिक्षणात एखादं वर्ष रिकामं गेलं असेल, वडील आजारी होते म्हणून वावर सांभाळलं असेल, तर तसंच सांगा. त्याला क्लासमधल्या सरांनी शिकवलेला मुलामा नको. इंग्रजीचं म्हणाल, तर छोटी वाक्यं करा. आपल्या धंद्याचा हिशेब रोज अर्धा तास मोठ्यानं इंग्रजीत सांगायचा, ऐकायला बैल असले तरी चालेल. माहीत नसेल ते सरळ माहीत नाही म्हणायचं.

मुलाखत ऑनलाइन असली तर लाइनच्या भरवशावर गावात बसू नका. तालुक्याला मामा-मावशीकडे आदल्या दिवशीच जा.

आणि कागदं. ओबीसी आरक्षणातून अर्ज केला असेल, तर आयआयएमला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमिलेअर दाखला लागतो. आपल्या कॉलेजला दिलेला राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथं चालत नाही. सेतूत अर्ज देतानाच "केंद्राचा पाहिजे" असं दोनदा सांगा, आणि हातात आल्यावर काउंटरवरच उभं राहून नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी ताडून पाहा.